डोक्यावरची जागा

बाबांनी छोटीला उभ्या जन्मात एकच शिस्त लावली, आणि तीही फोटो काढायची. पोरीने अभ्यास केला का, केस विंचरले का, जेवली का, इकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. पण हातात कॅमेरा दिला आणि फोटोतलं माणूस चौकटीत जरासं खाली बसलं, की संपलंच. "डोक्यावर एवढी जागा कुणासाठी ठेवलीस? कावळे बसणार आहेत का तिथे?" पोरगी रडकुंडीला यायची, पण पुढच्या वेळी जागा बरोब्बर कमी व्हायची.

छोटी आता छोटी राहिलेली नाही. पन्नाशी कधीच उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. पण तिची आत्या जिवंत आहे तोवर दुसऱ्या नावाची आशाच नको. दुसऱ्यांसाठी असेल ती कुणी मोठी बाई, घरात छोटीच.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. सिनेमाचे कॅमेरामन. सरळमार्गी माणूस, बोलायला कंजूष आणि फोटो काढायला उधळा. शूटिंगच्या वेळी लाइट लावून झाले की ते आपल्या छोट्या कॅमेऱ्यातून एक साधा फोटो काढायचे, चेहऱ्यावर उजेड कसा पडलाय ते कळावं म्हणून. अशी सगळ्या सिनेमांची मिळून कपाटं भरली होती. त्यात राण्या होत्या, डाकू होते, पुठ्ठ्याचे चंद्र होते, नळाचा पाऊस होता. आणि रोलमध्ये चार-सहा फोटो शिल्लक राहिले की ते घरी येऊन संपवायचे. त्यामुळे डाकूच्या शेजारी छोटीचा पडलेला दात, आणि राणीच्या पाठोपाठ आ वासून झोपलेली आत्या. सगळं एकाच पट्टीवर. सिनेमा कुठे संपला आणि घर कुठे सुरू झालं, सांगायची सोय नव्हती.

सिनेमाच्या संग्रहालयाला हे सगळं हवं होतं. म्हणजे सिनेमाचं तेवढं हवं होतं. घरचं तुमचं तुम्ही ठेवा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक बाई पाठवल्या. त्या रोज सकाळी येऊन पांढरे सुती हातमोजे चढवायच्या आणि संध्याकाळी जाताना काढायच्या. आत्याने पहिल्याच दिवशी त्यांचं 'हातमोजेवाली' असं बारसं करून टाकलं, तेही त्यांच्या तोंडावर. बाई हसल्या. हसणाऱ्या माणसाशी आत्याचं लगेच जमतं.

छोटीने या कामाला हो म्हटलं ते काही सिनेमाच्या प्रेमापोटी नव्हे. तिला त्या ढिगातून एकच गोष्ट हवी होती. आईचा फोटो.

छोटी अडीच वर्षांची असताना आई गेली, तापाने, आठवड्याभरात. मग आत्या आपलं बिऱ्हाड उचलून भावाकडे आली ती आलीच. छोटीला आईचा चेहरा आठवत नाही. खूप जोर लावला तर एक खिडकी आठवते आणि एक करडा चौकोन, बस्स. आणि आईचा फोटो म्हणाल तर घरात एकही नाही. कॅमेरामनच्या घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्नाचे फोटो बाबांच्या एका कॅमेरामन मित्राने काढले होते. त्या शहाण्याने दिवसभर वाकून, लवून, स्टुलावर चढून फोटो काढले आणि संध्याकाळी कॅमेरा उघडला तेव्हा कळलं की फिल्म आतल्या चाकात अडकलीच नव्हती. अख्खं लग्न हवेवर काढलं पठ्ठ्याने! पुढे आईनेच कॅमेऱ्याचा धसका घेतला. कुणी कॅमेरा रोखला की ती दुसऱ्या खोलीत. उरला एका ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो, त्यावरही कचेरीचा शिक्का नेमका तोंडावर बसलेला.

लहानपणी छोटी विचारायची, "बाबा, आईचा फोटो नाही का हो?" बाबा कॅमेऱ्याची काच पुसत राहायचे. "आहे की," म्हणायचे. "सगळीकडे आहे."

आता हे काय उत्तर झालं? लहानपणी तिने ते मानलं, मोठेपणी तिला त्याचा संताप यायला लागला. जगातल्या एकूण एक नट्यांचे हजार हजार फोटो काढलेत, बायकोचा एक काढवला नाही, आणि वर हे देवळातल्या बुवासारखं बोलणं! या एका वाक्यावरून तिने बापाशी आयुष्यभर मनातल्या मनात भांडण ठेवलं होतं. बाप मेला तरी ते मिटलं नव्हतं.

काम चाले ते बाबांच्या खोलीत. उत्तरेकडे मोठी खिडकी, त्यातून कधी ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, दिवसभर एकसारखा. बाबांनी हे घर त्या खिडकीसाठी घेतलं होतं, असं आत्या म्हणे. स्वयंपाकघर किती कोंदट आहे ते कुणी बघितलंच नाही. मधोमध काचेचं टेबल, खालून दिवा. त्यावर निगेटिव्हची गुंडाळी उलगडायची, फुंकणीने धूळ उडवायची, सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापायच्या आणि पातळ कागदाच्या पाकिटांत घालायच्या. जुन्या डब्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास मारायचा. हातमोजेवाली नाक लावून सांगायची, "या डब्याला घाई करायला हवी." फिल्म मरायला लागली की असा वास सुटतो म्हणे.

दिवसभर त्या टेबलावर वाकून बसलं की डोक्यात वेगळंच काही व्हायला लागतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळे दात, पांढरी बुबुळं, भर दुपारी काळंकुट्ट आभाळ. संध्याकाळी छोटी दूध आणायला बाहेर पडे तेव्हा रस्त्यावरची माणसंच तिला खोटी वाटायची, फिल्मसारखं यांना अजून धुवायचं बाकी आहे, असं. दिव्याखालून जाणाऱ्या बाईचे केस क्षणभर पांढरेफेक व्हायचे आणि पुन्हा काळे. ती दूधवाल्याला पैसे देताना त्याच्याकडे बघत राहायची. त्याला काय वाटत असेल देव जाणे.

पट्ट्या कापताना एक गोष्ट वाया जायची. प्रत्येक रोलचा अगदी पहिला फोटो. त्याची अर्धी बाजू बहुतेक वेळा उजेड लागून जळालेली असायची, आणि उरलेल्यात नेहमी तेच ते. लाकडी खुर्ची, खुर्चीवर पुस्तकांचा ढीग आणि त्यावर टेकवलेलं एक करडं कार्ड. बाबा सकाळी निघताना कॅमेऱ्यात नवा रोल भरायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर कार्ड ठेवून एक फोटो काढायचे. लॅबवाल्याने आधी हा फोटो बघायचा, करडा रंग बरोबर करडा आला की पुढचं सगळं त्याच मापाने छापायचं. कामापुरता फोटो. तो कुणी कागदावर छापत नाही आणि त्याचं कौतुकही कुणाला नसतं. शिवाय तो पट्टीत धरला की सहाचा हिशेब बिघडायचा.

"हे ठेवायचेत?" हातमोजेवालीने विचारलं होतं.

"छे! खुर्चीचे फोटो ठेवून काय करायचंय?" छोटी म्हणाली. "कापा आणि टाका टेबलाखालच्या डब्यात."

पहिले काही रोल तिने बघून कापले. मग हाताला सवय झाली, कात्री आपोआप चालायला लागली. गुंडाळी उलगडली की पहिला तुकडा कचक, डब्यात. बघायचं कशाला? खुर्चीच असणार. डबा भरला तेव्हा तिने स्वतः तो कचऱ्यात रिकामा केला आणि पुन्हा जागेवर ठेवला. कपाटात नव्या रोलचे डबे पुढे होते, जुन्यांचे मागे, त्यामुळे काम शेवटाकडून सुरुवातीकडे चाललं होतं. बाबा दिवसेंदिवस तरुण होत होते. छोटीही. कॉलेजातली, मग शाळेतली, मग दोन वेण्यांतली. आई मात्र कुठेच नाही. घरच्या प्रत्येक फोटोवर छोटी भिंग धरायची, मागच्या दारात कुणी उभं आहे का, आरशात कुणी दिसतंय का. दिसायची ती आत्या.

"माझे इतके फोटो काढलेत मेल्याने," आत्या खूश होऊन म्हणायची, "आणि एकदा तोंड मिटायला सांगितलं नाही."

त्या दुपारी हातमोजेवाली पाकिटं आणायला गेली होती. शेवटचा डबा तेवढा उरला होता आणि छोटीला आशा सोडायची भीती वाटत होती, म्हणून ती तो उघडत नव्हती. टेबलावर हात, हातांवर डोकं. खालचा दिवा चालूच. मिटलेल्या पापण्यांना तो उजेड लागत होता आणि ती झोपेत कुठेतरी घसरत गेली.

स्वप्नात खोली हीच, पण उलटी. खिडकी काळी आणि कोपरे उजळ. बाबा कॅमेऱ्यामागे वाकलेले. समोर खुर्ची, त्यावर कार्ड. छोटी त्यांच्या काखेखालून चौकटीत डोकावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनेच त्यांना दरडावलं, "बाबा, वर एवढी जागा कुणासाठी ठेवलीत? कावळे बसणार आहेत का तिथे?" बाबा नुसती काच पुसत राहिले.

ती जागी झाली ती धडपडतच.

खरंच की! एवढी जागा कुणासाठी? टेबलाच्या कडेला डब्याबाहेर राहिलेला एक तुकडा पडला होता. तिने तो दिव्यावर धरला. खुर्ची, पुस्तकं, कार्ड. कार्ड चौकटीत खाली, पार खाली. वर अर्धी चौकट मोकळी. नुसती भिंत. जो माणूस डोक्यावर बोटभर जागा राहिली तर पोरीला रडवायचा, तो रोजच्या रोज, वर्षानुवर्षं, भिंतीचा एवढा तुकडा फुकट घालवेल? आणि पुस्तकांचा ढीग कशाला? कार्ड सरळ खुर्चीवर उभं राहिलं असतं. पण ढिगावर ठेवलं की ते येत होतं बसलेल्या माणसाच्या छातीशी. कुणीतरी दोन्ही हातांनी धरावं, तसं. वरची जागा डोक्याची होती. माणूस उठून गेलं होतं आणि जागा तशीच ठेवली होती.

छोटी ताडकन उठली. ती डब्यासाठी वळली, तर टेबलाखाली डबा नाही!

"आत्या! इथला डबा कुठे गेला?"

"धुवून पालथा घातलाय," आत्या आतून ओरडली. "केवढा छान डबा, झाकण घट्ट. बटणं ठेवायला होईल."

"आणि त्यातले तुकडे?"

"कुठले तुकडे?"

"आत्या!" छोटीचा आवाज फाटला. "त्यातले फिल्मचे तुकडे! फेकलेस?"

आत्या हात पुसत दारात आली. तिने भाचीचा चेहरा बघितला आणि तिचा आवाज खाली आला. "मी जन्मात कधी काही फेकलंय का? पिशवीत घालून खुंटीला लावलेत. फेकाफेकी तू करतेस."

हे मात्र खरं होतं. छोटीने पिशवी टेबलावर उलटी केली. तुकड्यांचा ढीग सांडला, काळे, गुंडाळलेले, नखांसारखे. ती एकेक उलगडून काचेवर दाबायला लागली. खुर्ची. खुर्ची. खुर्ची. एक जळालेला. खुर्ची. मग एक तुकडा आला, ज्यातली खुर्ची हललेली होती. सगळ्या कडा पुसट. बाबांचा हात हलला होता. धावत्या घोड्यावरून, होडीतून फोटो काढलेला माणूस. त्याचा एक फोटो हललेला तिने आजवर बघितला नव्हता. आणि तोही खुर्चीचा, जी जागची हलत नाही.

त्याच्या पुढच्या तुकड्यात खुर्चीवर कुणीतरी होतं.

पुस्तकं नव्हती. दोन हातांनी धरलेलं कार्ड, आणि त्याच्या वर, त्या जागेत, बरोबर मावणारं एक डोकं. निगेटिव्हमध्ये चेहरा गडद आणि केस शुभ्र पांढरे. पिकल्या केसांची एक बाई शांतपणे तिच्याकडे बघत होती. छोटी भिंग धरून बसली, पण तिला काहीच ओळखता येईना. ओळखणार कशी? आणि ती रडायला लागली, कारण समोर बसलेलं माणूस आपली आई आहे की नाही, हे आपल्याला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट तिला त्या क्षणी दुसरी दिसत नव्हती.

"आत्या, बघ ना. ही कोण आहे?"

आत्याने भिंग घेतलं, डोळे बारीक केले. "कोण ही म्हातारी? आपल्यात नाही कुणी अशी."

"अगं निगेटिव्ह आहे ते. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं."

"मग असं उलटं कोडं कशाला घालतेस म्हाताऱ्या माणसाला?"

तेवढ्यात हातमोजेवाली पाकिटं घेऊन आली. तिने दोघींची तोंडं बघितली आणि काही न विचारता हातमोजे चढवले. रोज निगेटिव्ह संगणकावर उतरवायच्या आपल्या कॅमेऱ्याच्या यंत्रात तुकडा ठेवला. पडद्यावर ती बाई आधी तशीच उलटी आली, पांढऱ्या केसांची. मग हातमोजेवालीने एक कळ दाबली आणि म्हातारी एका झटक्यात पंचविशीची झाली.

ओले केस, घाईघाईत मागे सारलेले. कपाळ मोठं. कार्डाच्या वर हनुवटी आणि दाबून धरलेलं हसू, म्हणजे लवकर काढा, गॅसवर काहीतरी आहे, असं काहीसं.

आत्या खुर्चीच्या पाठीला धरून पडद्याच्या अगदी जवळ गेली. नाक लागेल इतकी.

"हात्तिच्या!" ती म्हणाली. "तू इथे बसलीयेस होय गं!"

आणि मग आत्या ढसाढसा रडली. भावजयीवर तिचा एवढा जीव होता हे छोटीला आजवर माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. त्या घरात न सांगण्याचीच पद्धत होती.

उरलेला ढीग तिघींनी मिळून बघितला. पंख्याच्या वाऱ्याने तुकडे उडतील म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत. आई सर्दीने नाक सुजलेली. आई कंटाळलेली. आई कार्ड उलटं धरून, मुद्दाम. फोटोचा धसका घेतलेली ती बाई नवऱ्यासाठी रोज सकाळी खुर्चीवर येऊन बसत होती, कारण हा फोटो काही फोटो नव्हता, कामाचं माप होतं. आणि एका तुकड्यात कार्डाच्या खालच्या कडेवर चार बोटं जास्तीची होती. इवली, फुगीर. आईच्या मांडीवर बसून कुणीतरी कार्ड धरायला मदत करत होतं. तोंड कार्डामागे गेलेलं, नुसती बोटं.

खिडकी आणि करडा चौकोन! छोटीने आपली बोटं उघडून बघितली. आयुष्यभर जपलेली ती आठवण दुसरं काही नव्हतं. ती कार्डाची मागची बाजू होती.

"म्हणजे बघा," ती हातमोजेवालीला म्हणाली, पण खरं तर स्वतःलाच सांगत होती. "लॅबवाला आधी हिचा चेहरा बरोबर आणायचा. मग त्या मापाने राण्या, नट्या, चंद्र, सगळं." तिने तो तुकडा पुन्हा उजेडावर धरला. "सगळीकडे आहे म्हणाले होते. मी म्हटलं, टोलवताहेत मला."

"मग दाखवले का नाहीत गं त्याने तुला?" आत्या डोळे पुसत म्हणाली आणि आपणच उत्तर दिलं. "तुला दाखवायचे तर त्याला बघावे लागले असते."

कचऱ्यात गेलेला पहिला डबा छोटीच्या डोळ्यांसमोर होता. तीस-पस्तीस वर्षांच्या रिकाम्या खुर्च्या. बाप रोज सकाळी बायकोची जागा चौकटीत धरून मग कामाला निघायचा, आणि मी ते कात्रीने कापून फेकलं, तेही स्वतःच्या हाताने. ते आता परत यायचं नव्हतं. बापाशी चाललेलं एवढं जुनं भांडण मिटलं तेव्हा क्षमा मागायला बाप नव्हता. तिला फार वाईट वाटलं, आणि त्यावर काही इलाज नव्हता.

"हे कशात घालू?" हातमोजेवालीने हळूच विचारलं. "घरच्यात की सिनेमाच्यात?"

"ज्या रोलचा तुकडा, त्याच्याच डोक्याशी," छोटी म्हणाली. "कापलेल्या कडा जुळतील ना? जुळवू. खुर्च्यासुद्धा. आणि आता वेगळं काही करायचं नाही. रोल घरातून निघालाय, तो तसाच जाईल."

संग्रहालयाचा नियम वेगळा होता. पण हातमोजेवालीने मान हलवली. वर काय सांगायचं ते मी बघते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा शेवटचा डबा टेबलावर उघडून ठेवलेला होता. काम सुरू करण्याआधी तिला रोज आपल्या कॅमेऱ्यासमोर रंगांचं कार्ड ठेवून एक फोटो काढावा लागे, यंत्राचं माप बरोबर आहे ना ते बघायला. ती कार्ड टेबलावर टेकवणार, तोच छोटी म्हणाली, "थांबा. मी धरते."

खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर आत्याच्या कपड्यांचा डोंगर होता. तो उचलून तिने पलंगावर टाकला आणि ती खुर्चीत बसली. कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हातमोजेवालीने कॅमेरा बाबांच्या जागी नेला, जुना फोटो शेजारी ठेवून चौकट जुळवली, थोडी डावीकडे, थोडी खाली. आत्या चहाचा कप घेऊन तिच्या खांद्यावरून डोकावली.

"वर जागा राहतेय का?" छोटीने विचारलं.

"नाही राहत," हातमोजेवाली म्हणाली. "बरोबर भरली."

आत्याने पुन्हा एकदा चौकटीत बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं.

"आईएवढी झालीस की गं, छोटे," ती म्हणाली. "हलू नकोस आता."